पाहिले, समजले, पण हात अडला

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरासाठी मी एक चित्रफीत तयार केली होती. विषय अगदी साधा होता. लंबकाच्या प्रयोगातील निरीक्षणे संगणकावरच्या तक्त्यात भरायची, लांबी आणि आवर्तकालाचा वर्ग यांचा आलेख काढायचा आणि रेषेच्या चढावरून गुरुत्वत्वरणाची किंमत काढायची. संगणकाच्या पडद्यावर जे जे घडेल ते जसेच्या तसे टिपणारा एक प्रोग्रॅम मी चालू केला, माइक लावला आणि एका बैठकीत अठरा मिनिटे बोलत बोलत, माऊस फिरवत सगळे करून दाखवले. चूक एकही झाली नाही, याचा मला थोडा अभिमानही वाटला होता.

शिबिरात ती चित्रफीत मोठ्या पडद्यावर दाखवली. पस्तीस-चाळीस शिक्षक होते. माना डोलत होत्या, कोणी टिपणे घेत होते. संपल्यावर 'छान, सोपे आहे' असे शेरेही आले. मग सगळे दोघे-दोघे मिळून संगणकांपुढे बसले आणि पाच मिनिटांत चारी बाजूंनी हाका सुरू झाल्या. "मॅडम, तो दुसरा स्तंभ कसा निवडला होता?" "मॅडम, आमच्या आलेखात रेषेऐवजी खांबच आलेत." मी एका टेबलाकडून दुसऱ्या टेबलाकडे धावत होते. पंचवीस वर्षे शिकवत आलेल्या एक बाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही करत होतात तेव्हा सगळं समजत होतं हो. आता माझा हातच पुढे जाईना."

ते वाक्य माझ्या मनात राहून गेले. पुढे थोडे वाचन केले तेव्हा कळले की बाईंची अडचण नवी नव्हती. ती १९९१ मध्येच प्रयोग करून मोजली गेली होती. आज हातातल्या फोनवर एक बटण दाबले की पडद्याचे चित्रण सुरू होते आणि ते जगात कोठेही पाठवता येते. ही सोय कशी आली आणि तिच्यातून खरोखर शिकता यावे म्हणून कोणी काय काय केले, याचा इतिहास अजून साठ वर्षांचाही नाही. पण त्यात आपल्यासारख्यांना घेण्याजोगे बरेच आहे.

सॅन फ्रान्सिस्कोतील नव्वद मिनिटे

९ डिसेंबर १९६८ रोजी अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात एक संगणक परिषद भरली होती. सुमारे हजार तंत्रज्ञांपुढे डग्लस एंगेलबार्ट नावाचे एक शांत स्वभावाचे अभियंते एका खुर्चीवर बसले. कानाला बोलण्याचे यंत्र, हाताखाली एक लाकडी ठोकळा. हा ठोकळा म्हणजेच माऊस. सर्वसामान्य तंत्रज्ञांनी तो त्या दिवशी प्रथमच पाहिला. त्या काळी संगणक म्हटला की छिद्रे पाडलेली कार्डे आत सारायची आणि छापील उत्तराची वाट पाहायची, असा रिवाज होता. एंगेलबार्ट मात्र पडद्यावरचे शब्द बोटाने सरकवावेत तसे सरकवत होते. उदाहरण म्हणून त्यांनी घेतले काय, तर घरी जाताना आणायच्या जिनसांची यादी! केळी, गाजर, सूप अशा जिनसा त्यांनी गटांत मांडून दाखवल्या, गट उघडले, मिटले, पुन्हा रचले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. संगणक त्या सभागृहात नव्हताच. तो सुमारे पन्नास किलोमीटर दूर, मेन्लो पार्क येथील त्यांच्या प्रयोगशाळेत होता. तेथे संगणकाचे चित्र एका छोट्या, जेमतेम पाच इंची नळीवर उमटायचे आणि त्या नळीसमोर चक्क दूरचित्रवाणीचा कॅमेरा रोखलेला असायचा. कॅमेऱ्यातून निघणारा संदेश काम करणाऱ्याच्या टेबलावरील पडद्याकडे जायचा. आज हा द्राविडी प्राणायाम वाटेल, पण त्याचा एक फायदा झाला. पडद्यावरचे चित्र मुळातच दूरचित्रवाणीचे चित्र असल्यामुळे ते सूक्ष्मलहरींच्या दुव्याने सॅन फ्रान्सिस्कोला पाठवता आले आणि त्याच्या एका कोपऱ्यात बोलणाऱ्याचा चेहराही बसवता आला. सभागृहातला पडदा बावीस फूट उंच होता. एवढ्या मोठ्या पडद्यावर प्रखर चित्र टाकण्यासाठी आयडोफोर नावाचा प्रक्षेपक आणला होता. त्यात इलेक्ट्रॉनांचा झोत तेलाच्या पातळ थरावर विद्युतभार पेरतो, त्यामुळे थरावर सूक्ष्म सुरकुत्या पडतात आणि त्या सुरकुत्यांमुळे दिव्याचा प्रकाश कमीअधिक वळून चित्र तयार होते. प्रकाशशास्त्र शिकवणाऱ्यांनी हे यंत्र जरूर अभ्यासावे.

सारा कार्यक्रम फिल्मवर टिपला गेला आणि ती फिल्म आजही पाहता येते. पडदा दिसतो, कर्सर फिरतो, करणारा स्वतःच्या आवाजात 'आता मी हे करतो' असे सांगतो. पडद्याच्या चित्रणाचा सगळा साचा त्यात आहे. फक्त त्यासाठी एक संशोधन संस्था, दोन सूक्ष्मलहरी दुवे आणि तंत्रज्ञांची एक फौज लागली.

एका मिनिटाचे वजन

पुढची वीस-पंचवीस वर्षे हा साचा सामान्य माणसाच्या हाती का आला नाही? त्याचे उत्तर साध्या गुणाकारात आहे. आठवी-नववीच्या वर्गात हा हिशेब जरूर करून घ्यावा.

१९९० च्या दशकातील एक नेहमीचा पडदा घेऊ. आडवे ६४० ठिपके, उभे ४८०. म्हणजे एकूण ३,०७,२०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग लिहायला ३ बाइट लागतात असे धरले, तर एका चित्राला ९,२१,६०० बाइट लागतील. हालचाल बऱ्यापैकी दिसावी म्हणून सेकंदाला १० चित्रे घेतली, तर सेकंदाला सुमारे ९२ लाख बाइट आणि मिनिटाला सुमारे ५५ कोटी बाइट होतात. त्या काळच्या ६५ कोटी बाइटांच्या सीडीवर असे चित्रण केवळ सत्तर सेकंद मावले असते. आणि ते कोणाला पाठवायचे झाले तर? दूरध्वनीच्या तारेवरून सेकंदाला ५६,००० बिट नेणारा मोडेम तेव्हा उत्तम समजला जाई. त्यावरून एका मिनिटाचे चित्रण पाठवायला सुमारे बावीस तास लागले असते!

सुटका झाली ती पडद्याच्याच एका गुणामुळे. नदीच्या किंवा क्रिकेटच्या चित्रीकरणात प्रत्येक क्षणी सगळेच चित्र थोडेथोडे बदलत असते. संगणकाच्या पडद्यावर मात्र बहुतेक वेळ काहीच बदलत नाही. बदलतो तो कर्सर. त्याचे चित्र ३२ गुणिले ३२, म्हणजे १,०२४ ठिपक्यांचे. तो सरकला तर जुनी जागा आणि नवी जागा मिळून फार तर दोन हजार ठिपके बदलले. पूर्ण पडद्याचा फार तर दीडशेवा भाग! तेव्हा पहिले चित्र पूर्ण साठवायचे आणि नंतर 'आधीच्या चित्रापेक्षा काय बदलले' एवढेच लिहून ठेवायचे. शिवाय पडद्यावर एकाच रंगाचे लांबच लांब पट्टे असतात. 'पांढरा, पांढरा, पांढरा' असे पाचशे वेळा लिहिण्याऐवजी 'पांढरा, पाचशे वेळा' असे लिहिले की काम झाले.

वर्गात याचा खेळही घेता येतो. चौकटीच्या कागदावर एका मुलाने 'ट' काढायचा आणि पाठमोऱ्या बसलेल्या मुलाला ओळीओळीने फक्त 'इतके पांढरे, इतके काळे' असे सांगायचे. मग अक्षर एक घर उजवीकडे सरकवून फक्त बदल सांगायचा. संकोचन म्हणजे काय हे मुलांना दहा मिनिटांत कळते.

गंमत अशी की, निसर्गदृश्यांसाठी उत्तम असणारी संकोचनाची रीत येथे नीट चालत नाही. त्या रीतीत चित्र म्हणजे अनेक लहानमोठ्या लहरींची बेरीज मानतात आणि डोळ्याला फारशा न जाणवणाऱ्या आखूड लहरी टाकून देतात. आकाशाच्या निळाईत याने काही बिघडत नाही. पण काळ्या अक्षराची पांढऱ्या कागदावरील कड ही एकदम तुटणारी असते. ती उभी करायला आखूड लहरीच लागतात. त्या टाकल्या की अक्षराभोवती मळकट झालर दिसू लागते. म्हणून पडद्याच्या चित्रणासाठी एकही ठिपका न गमावणाऱ्या वेगळ्या रीती काढाव्या लागल्या. १९९० च्या दशकातील लोटस कंपनीचा स्क्रीनकॅम आणि नंतरचा टेकस्मिथ कंपनीचा कॅमटेशिया हे प्रोग्रॅम घरच्या संगणकावर चालू शकले. पडद्याचे चित्रण संशोधन संस्थेतून बाहेर पडून टेबलावर आले ते असे.

सात दिवसांनंतर

आता १९९१ च्या प्रयोगाकडे येऊ. माझ्या मते या इतिहासातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे आणि दुर्दैवाने सर्वांत कमी लोकांना ठाऊक असलेलीही हीच.

सुझन पामिटर आणि जे एल्कर्टन या दोन अमेरिकी संशोधकांनी एक सरळ प्रश्न विचारला. संगणकावरील एखादे काम शिकवायचे तर ते पडद्यावर हलत्या चित्रांतून करून दाखवावे, की त्याच्या सूचना लिहून द्याव्यात? त्यांनी ॲपल संगणकावरील हायपरकार्ड नावाच्या प्रोग्रॅममधील कामे निवडली. काही शिकणाऱ्यांना ती कामे पडद्यावर होताना दाखवली, काहींना फक्त लेखी सूचना दिल्या. शिकताना पाहणाऱ्यांचा गट सरस ठरला. त्यांनी कामे लवकर केली आणि चुकाही कमी केल्या. प्रयोग इथेच थांबला असता, तर 'चित्रफीत श्रेष्ठ' असा निकाल देऊन सगळे घरी गेले असते.

पण त्यांनी सात दिवसांनी पुन्हा चाचणी घेतली आणि चित्र उलटले. पाहून शिकलेले आता मंदावले होते, तर वाचून शिकलेले त्यांच्या पुढे गेले होते. असे का व्हावे? संशोधकांचे म्हणणे असे की, पाहणारा नक्कल करतो. कर्सर तेथे गेला, आपणही तेथे न्यायचा. त्यात डोक्याला फारसे काम पडत नाही. वाचणाऱ्याला मात्र 'अमुक मेनू उघडा' हे वाक्य समजून घ्यावे लागते, तो मेनू पडद्यावर शोधावा लागतो, शब्दाचे कृतीत रूपांतर करावे लागते. सुरुवातीला यात वेळ जातो, चुका होतात, पण जे कमावले ते टिकते.

आपल्याला हे अपरिचित आहे का? फळ्यावर गणित सोडवताना वर्गातली सगळी मुले 'समजले' म्हणतात आणि गृहपाठात अडतात. दोन्हीकडे एकच घडते. सराईत माणूस जे करतो ते दिसते; तो ते करायचे ठरवतो कसे, नजर आधी कोठे टाकतो, कोणत्या चार वाटा मनातल्या मनात सोडून देतो, हे दिसत नाही. माझ्या त्या बिनचूक अठरा मिनिटांत असे शेकडो न दिसणारे निर्णय होते. चूक एकही केली नाही, म्हणून चुकल्यावर परत कसे यायचे हेही कोणाला दिसले नाही.

नाव मिळाले, वाट मिळाली

या प्रकाराला रूढ नाव मिळायला २००४ साल उजाडावे लागले. जॉन उडेल हे अमेरिकी पत्रकार संगणकाविषयी लिहीत आणि लेखांसोबत पडद्याची चित्रणेही करून दाखवीत. याला म्हणावे तरी काय, असे त्यांनी वाचकांनाच विचारले. आलेल्या सूचनांतून 'स्क्रीनकास्ट' हा शब्द निवडला गेला. जानेवारी २००५ मध्ये त्यांनी केलेले एक चित्रण बरेच गाजले. विकिपीडियावरील एकच नोंद पहिल्या दोन-चार ओळींपासून कशी वाढत गेली, कोणी काय घातले, कोणी खोडसाळपणे बिघडवले आणि कोणी दुरुस्त केले, हे त्यांनी पानामागून पान उलटत, बोलत दाखवले होते. नोंदीचा विषय होता रॉक संगीताच्या वाद्यवृंदांनी आपल्या नावातील अक्षरांवर उगाच दिलेली दोन टिंबे! विषय किरकोळ असला तरी एखादे ज्ञान कसे घडते ते घडतानाच दाखवता येते, हे त्यातून लोकांना कळले. त्याच वर्षी यूट्यूब सुरू झाले आणि वाटपाचा प्रश्नही सुटला.

याच सुमारास बॉस्टनमध्ये वित्तसंस्थेत काम करणारे सलमान खान आपल्या नादिया या नात्यातील बहिणीला दूर न्यू ऑर्लिन्सला फोनवरून गणित शिकवत होते. ती एककांच्या रूपांतरात अडली होती. दोघांच्या पडद्यावर एकाच वेळी उमटणारी एक साधी चित्रवही ते वापरत. हळूहळू इतर भावंडांच्याही शिकवण्या सुरू झाल्या, वेळा जुळेनात, म्हणून नोव्हेंबर २००६ पासून त्यांनी धड्यांची चित्रणे यूट्यूबवर ठेवायला सुरुवात केली. काळी पार्श्वभूमी, रंगीत अक्षरे आणि आवाज. चेहरा नाही. तेव्हा यूट्यूबवर दहा मिनिटांची मर्यादा होती, म्हणून धडेही तेवढेच. तुकडे लहान ठेवण्याचा शहाणपणा असा बाहेरून लादला गेला, हे मला नेहमी मजेशीर वाटते.

भावंडांनी त्यांना सांगितले की, प्रत्यक्ष तुझ्यापेक्षा आम्हाला यूट्यूबवरचा तूच बरा वाटतोस. खान यांनी २०११ च्या एका व्याख्यानात याचे कारण सांगितले आहे. चित्रफीत थांबवता येते, मागे नेता येते, जे दोन वर्षांपूर्वीच यायला हवे होते ते न लाजता पुन्हा पाहता येते. 'समजले का?' असे विचारत कोणी समोर बसलेले नसते. वर्गात हात वर न करणाऱ्या मुलाची कल्पना करा, म्हणजे या म्हणण्याचे वजन कळेल.

तरीही १९९१ चा प्रश्न तसाच राहिला. ऑस्ट्रेलियात सिडनी विद्यापीठात डेरेक म्युलर यांनी २००८ मध्ये पूर्ण केलेल्या प्रबंधात न्यूटनच्या नियमांवरील चित्रफितींची तुलना आहे. सरळ, नेटके स्पष्टीकरण देणारी चित्रफीत विद्यार्थ्यांना 'स्पष्ट' वाटली. पण पाहण्यापूर्वीचे आणि नंतरचे गुण जवळजवळ तेवढेच राहिले. दुसऱ्या चित्रफितीत एक पात्र आधी विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या चुकीच्या कल्पना बोलून दाखवते आणि मग त्यांवर चर्चा होते. ती अनेकांना गोंधळाची वाटली, पण गुण त्यांचेच वाढले. 'छान, सोपे आहे' हा माझ्या शिबिरातला शेरा मला हे वाचताना आठवला.

पवईची रीत

या अडचणीवर एक पद्धतशीर उपाय आपल्या मुंबईतच, पवईच्या आयआयटीत, तयार झाला. रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने तेथे स्पोकन ट्युटोरियल हा प्रकल्प उभा राहिला. त्याला केंद्र सरकारच्या २००९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिक्षण अभियानातून पैसा मिळाला. विषय मुख्यतः मुक्त सॉफ्टवेअरचे : लिनक्स, सायलॅब, लाटेक, पायथन, लिब्रेऑफिस, जिओजिब्रा वगैरे. धडे साधारण दहा मिनिटांचे. पण खरी गंमत धडा तयार करण्याच्या रीतीत आहे.

या रीतीत माइक सगळ्यात शेवटी हाती घ्यायचा. आधी आराखडा, मग संहिता. संहिता दोन रकान्यांची असते. डावीकडे पडद्यावर काय दिसेल, उजवीकडे काय बोलायचे. ती संहिता मग त्या विषयात अगदी नवख्या असलेल्या माणसाला देतात. केवळ ती वाचून त्याला काम जमले तर ठीक. तो जेथे अडेल तेथे संहिता दुरुस्त करायची. पूर्ण झाल्यावरच चित्रण. लक्षात घ्या, लेखी सूचनांचा जो गुण १९९१ च्या प्रयोगात दिसला, तो येथे चित्रफितीच्या पोटात शिरला आहे. कर्सर तेथे जातोच, पण 'कोठे, कशावर, आणि केल्यावर काय दिसेल' हे शब्दांतही सांगितले जाते.

दुसरी गोष्ट पाहण्याची रीत. पडद्याच्या एका भागात धडा आणि दुसऱ्या भागात प्रत्यक्ष प्रोग्रॅम असे शेजारी शेजारी ठेवायचे. एक पायरी पाहायची, धडा थांबवायचा, ती पायरी आपण करायची, मग पुढे. मध्ये मध्ये 'आता धडा थांबवा आणि हे करून पाहा' अशी सूचनाच असते. त्यामुळे तज्ज्ञ शिक्षक नसलेल्या महाविद्यालयातही कार्यशाळा होऊ शकल्या. जेथे इंटरनेट नव्हते तेथे सीडीवरून धडे पोचले. परवाना मुक्त असल्याने प्रती काढून वाटायलाही आडकाठी नव्हती.

तिसरी गोष्ट भाषेची. संहिता लेखी असल्यामुळे तिचे भाषांतर करता येते. चित्र तेच ठेवून मराठी, तमिळ, बंगाली अशा भारतीय भाषांतील आवाज त्यावर चढवतात. हे वाटते तितके सोपे नाही. संहितेत प्रत्येक वाक्यापुढे मिनिट-सेकंद लिहिलेले असतात आणि मराठी वाक्य त्या अवकाशात बसावे लागते. 'क्लिक करा' म्हणेपर्यंत कर्सर पुढे गेलेला असला तर सगळाच घोळ. पडद्यावरची अक्षरे मात्र इंग्रजीच ठेवतात. कारण पुढे नोकरीत तोच इंग्रजी पडदा समोर येणार असतो. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपुरते मला हे पटते. पाचवी-सहावीच्या मुलांपुढे मात्र, लिब्रेऑफिससारख्या प्रोग्रॅमचे मेनू मराठीत मिळत असताना, मी तरी मराठी पडदाच ठेवीन.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या आणि एका झटक्यात हजारो शिक्षक चित्रण करू लागले. आयफोनमध्ये पडदा टिपण्याची सोय २०१७ पासून होती. अँड्रॉइडच्या सप्टेंबर २०२० मध्ये आलेल्या अकराव्या आवृत्तीत ती मुळातच देण्यात आली. त्या काळात मी पाहिलेली पुष्कळशी चित्रणे माझ्या अठरा मिनिटांचीच भावंडे होती. वर्गातला पूर्ण तास, अथपासून इतिपर्यंत, एका दमात. दोष शिक्षकांचा नव्हता. साधन एका दिवसात हाती आले, ते वापरायची रीत सांगायला कोणी आले नाही.

आणखी एक अडचण फार थोडे लोक आधीपासून ध्यानात घेतात. ही चित्रणे लवकर म्हातारी होतात. मायक्रोसॉफ्टने ऑफिसच्या २००७ च्या आवृत्तीत जुने मेनू काढून त्या जागी बटणांची रुंद पट्टी आणली, त्याबरोबर आधीची असंख्य चित्रणे निरुपयोगी झाली. साठवण्याच्या पद्धतीही मरतात. उडेल यांचे ते गाजलेले चित्रण फ्लॅश या पद्धतीत होते; ॲडोबी कंपनीने फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी काढून घेतला. अशा फायली नव्या पद्धतीत कोणी उतरवून ठेवल्या तरच वाचतात. १९६८ ची फिल्म टिकली ती जपणाऱ्यांमुळे. संहिता मात्र साध्या कागदावरही टिकते. मेनू बदलला तर तिच्यातल्या चार ओळी बदलायच्या आणि तेवढाच तुकडा पुन्हा चित्रित करायचा.

माझ्या लंबकाच्या धड्याचे मी पुढे असेच केले. अठरा मिनिटांचे चार तुकडे केले आणि दोन रकान्यांत लिहून काढले. डावीकडे : 'कर्सर दुसऱ्या स्तंभाच्या डोक्यावर'. उजवीकडे : 'दुसऱ्या स्तंभाच्या डोक्यावर बी हे इंग्रजी अक्षर आहे. त्यावर एकदा क्लिक करा. सगळा स्तंभ निळसर झालेला दिसेल. धडा थांबवा आणि एवढे करा.' आमच्या कार्यालयातील एका शिपाई काकांना, ज्यांनी असा तक्ता कधी वापरला नव्हता, ती संहिता दिली. ते दुसऱ्याच वाक्याला थांबले. मी 'सेलमध्ये आकडा भरा' असे लिहिले होते आणि सेल म्हणजे घड्याळात घालतात तो, एवढेच त्यांना माहीत होते. मी 'चौकट' असे लिहिले. अशा सतरा ठिकाणी संहिता बदलली. एका ठिकाणी मुद्दाम चुकीचा आलेख निवडून, तो पुसून मागे कसे यायचे तेही घातले.

हे चार तुकडे मी त्या शिबिरातल्या बाईंना पाठवले. आठ-दहा दिवस काहीच उत्तर आले नाही. मग एका रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. आलेख जमला होता, रेषाही जमली होती, संगणकाने तिचे समीकरणही दिले होते. "पण मॅडम, ही रेषा शून्यातून जात नाही. समीकरणात शेवटी अधिक ०.०५ येतंय. लांबी शून्य असली तर आवर्तकालही शून्यच हवा ना? तीनदा करून पाहिलं."

माझ्या धड्यात हे कोठेच नव्हते. मी त्यांना विचारले, "दोरीची लांबी कुठपर्यंत मोजलीत? गोळ्याच्या हुकापर्यंत, की गोळ्याच्या मध्यापर्यंत?"

थोडा वेळ पलीकडे शांतता होती. मग मेजपट्टी ओढल्याचा आवाज आला.